टेलस्टॉकचा ड्रिल चक घेताना

मंडळी, आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे, लेथच्या टेलस्टॉकमध्ये, म्हणजे मेन चकासमोरच्या सरकत्या भागात, बसतो तो ड्रिल चक, ड्रिल पकडायचा. आपल्या बेळगावात उद्यमबागेत किंवा मच्छेकडं कितीतरी शॉपमध्ये असं दिसतं की लेथ लाखांचा घेतलाय, आणि टेलस्टॉकला चक मात्र जुन्या ड्रिल मशीनचा काढून बसवलेला, आणि मग सेंटर ड्रिलची, म्हणजे आधी सेंटरला बारीक होल पाडायच्या ड्रिलची, टोकं तुटली की मशीनवरच्या पोराला बोलणी. पोराचं काही चुकलेलं नसतं हो.

मुळात बघा, ड्रिल मशीनवर ड्रिल फिरतं आणि जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, थांबलेला असतो, लेथवर उलटं. त्यामुळं ड्रिल मशीनचा चक आऊट, म्हणजे सेंटरला नसला की ड्रिल हलताना डोळ्याला दिसतं, पण लेथवर ड्रिल नुसतं उभं असतं, सेंटरपासून जरा बाजूला, आणि ते कुणाला दिसत नाही. सेंटर ड्रिलचं बारीक टोक मोडतं, जाड ड्रिल मोडत नाही पण होल साईजपेक्षा मोठं पडतं, तोंडाला तर जास्तच.

म्हणून नवा चक घ्यायच्या आधी हे करा. टेलस्टॉकच्या चकात एक ग्राईंड केलेली सरळ पिन पकडा, मेन चकाला, म्हणजे जॉब पकडून फिरतो त्याला, डायल (काट्याचं मोजायचं घड्याळ) बांधा, डायलचं टोक पिनवर टेकवा आणि स्पिंडल हातानं एक फेरा फिरवा. काटा ०.१० फिरला तर पिन ०.०५ मिली (मिलिमीटर) बाजूला आहे, म्हणजे निम्मी. आता चक आर्बरसकट, म्हणजे चक टेलस्टॉकला जोडणाऱ्या दांड्यासकट, बाहेर काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि पुन्हा बघा. फरक पलीकडच्या बाजूला गेला तर दोष चकात किंवा आर्बरमध्ये आहे, आणि जिथल्या तिथं राहिला तर टेलस्टॉकच सरकलाय, मग कितीही भारी चक आणा, काही उपयोग नाही, आधी टेलस्टॉकचे साईडचे स्क्रू सेट करायला पाहिजेत. पिन जॉजवळ, म्हणजे चकाच्या पकडणाऱ्या दातांजवळ, एकदा आणि टोकाला एकदा बघायची, टोकाला आकडा वाढत गेला तर तिरका बसलाय. ही तपासणी पैसे मोजायच्या आधी व्हायला पाहिजे, आणि खरं सांगतो, फार कमी लोक करतात.

आता कुठला घ्यायचा. कीलेस, म्हणजे बिनचावीचा, चक हातानं पटकन आवळतो, ड्रिलवर लोड आला की आणखी घट्ट होतो, छान चीज आहे. पण लांब असतो, छोट्या लेथवर बेडची जागा खातो, आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) पकडून स्पिंडल उलटा फिरवला की सैल होतो. शिवाय आपल्याकडं काम कसलं, फाउंड्रीतनं आलेलं कास्ट आयर्न, म्हणजे बीड. ती काळी भुकटी आत गेली की चक अडकायला लागतो. त्यामुळं बिडाचं काम जास्त असेल तर मी चावीचाच म्हणीन, आणि त्यातही बॉल बेअरिंगवाला, जेकब्स कंपनीच्या १४-एन सारखा, जो कमी जोरात घट्ट आवळतो. चावी तिन्ही भोकात फिरवून आवळा, एकाच भोकात नको.

साईज १३ मिलीचा बस्स झाला. मोठा चक घेतला तर बारीक ड्रिल धरत नाही, आणि १४ ते २३ मिलीचं ड्रिल मोर्स २ टेपर शँकमध्ये, म्हणजे मागची दांडी ठरलेल्या मापात निमुळती असलेलं, मिळतंच की, ते स्लीव्ह लावून थेट टेलस्टॉकमध्ये जातं, मधे चक कशाला?

सगळ्यात जास्त घोळ आर्बरमध्ये होतो. चक ज्यावर बसतो ते आर्बरचं निमुळतं टोक म्हणजे टेपर, त्यातले बी १६ आणि जेकब्स ३३ हे दोन हातात घेतले तर सारखेच वाटतात, तोंडाच्या व्यासात जेमतेम ०.१ मिलीचा फरक, पण उतार वेगळा, एकात दुसरा बसवला तर बसल्यासारखा वाटतो आणि लोड आला की डुलतो. दुकानात चकावर कोरलेलं वाचूनच आर्बर घ्या. आर्बर आखूड असेल तर क्विल, म्हणजे टेलस्टॉकची पुढं-मागं सरकणारी नळी, मागं घेतल्यावर तो आपोआप निघत नाही, ते पण बघून घ्या.

बसवताना दोन्ही टेपर कोरडे पुसा, तेलाचा थेंब राहिला तरी सुटतो. जॉ पूर्ण आत घ्या आणि मगच लाकडी हातोडा मारा, नाहीतर मार थेट जॉवर बसतो आणि नवा चक पहिल्याच दिवशी आऊट होतो.