मस्करॅट: दार पाण्याखाली

पाण्यावरून सरकत येणारी ही रेघ पाहा. पुढे ओलं डोकं, मागे शेपटीची वळवळ. हा मस्करॅट. नाव ऐकून काहींना चिचुंद्री आठवेल, पण ती किडे खाणाऱ्यांच्या गटातली. हा अस्सल कृंतक, म्हणजे उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा प्राणी, मूळचा उत्तर अमेरिकेतल्या दलदलींचा. वजन साधारण एक किलो, फार तर दोन.

आता शेपटी जवळून बघू. उंदराची शेपटी गोल असते. ही दोन्ही बाजूंनी चपटी, खवलेदार, उभ्या धरलेल्या पट्टीसारखी. पण पाणी मागे ढकलण्याचं मुख्य काम मागच्या पायांचं. बोटांमध्ये अर्धवट पडदा आणि कडेने राठ केसांची झालर. शेपटी बहुतेक वेळा सुकाणू म्हणूनच चालते.

खरी गंमत तोंडात आहे. ओठ पटाशीच्या दातांच्या मागे मिटतात. त्यामुळे तोंड बंद ठेवूनही दात बाहेर राहतात, आणि बुडी मारून पाणकणसाचे देठ कुरतडताना पाणी घशात शिरत नाही. एका दमात पंधराएक मिनिटं तो पाण्याखाली काढू शकतो.

घरासाठी त्याला संथ पाणी लागतं, सव्वा ते पावणेदोन मीटर खोलीचं. याहून उथळ असेल तर कडक थंडीत तळापर्यंत गोठतं. फार खोल असेल तर पाणवनस्पती उगवत नाहीत. काठाची माती घट्ट असेल तर तो बीळ खणतो. नसेल तर पाणकणीस आणि चिखल यांचा मीटरभर उंच ढीग रचतो, मग खालून शिरून तो आतून पोखरतो. बसायची जागा पाण्याच्या वर, कोरडी. दार मात्र पाण्याखाली.

इथेच घोटाळा होतो. पाणी उतरलं की दार उघडं पडतं आणि मिंक नावाचा शिकारी प्राणी सरळ आत घुसतो. पाणी चढलं की पिल्लांची खोली बुडते.

हिवाळ्यात तो झोपून राहत नाही. बर्फाला भोक पाडतो, त्यावर ओढून आणलेल्या वनस्पतींचा छोटा घुमट उभारतो. श्वास घ्यायला आणि खायला ही आडोशाची जागा.

1905 मध्ये प्राग शहराजवळ काही मस्करॅट सोडले गेले आणि तिथून ते युरोपभर पसरले. नेदरलँड्समध्ये ते पाणी अडवणारे बांध पोखरतात. वरून गवत हिरवंगार, आत पोकळी, आणि एक दिवस बांध खचतो. म्हणून तिथे मस्करॅट पकडणं ही पगारी नोकरी आहे.