घर दाखवणारा माणूस कुणाचा?

मंडळी, घर घ्यायला निघालेला माणूस फ्लॅट कसून तपासतो. नळ सोडून बघतो, कमोडचा फ्लश ओढतो, ओल आहे का म्हणून भिंतीवरून हात फिरवतो. पण ज्याच्या मागोमाग तो त्या घरात शिरला, त्या एजंटबद्दल त्याची चौकशी एका वाक्यात संपलेली असते: 'आमच्या शेजाऱ्यांना यांनीच घर मिळवून दिलं.' आज आपण त्या एजंटबद्दल बोलणार आहोत. उदाहरणं पुण्या-मुंबईकडची घेतो. दलालीची रीत गावागणिक बदलते, पण प्रश्न तेच राहतात.

पहिला प्रश्न असा: याला पैसे कोण देतं आणि केव्हा देतं? याचं उत्तर तीन ठिकाणी तीन प्रकारचं असतं. नवीन प्रकल्पात एक, रीसेलमध्ये दुसरं, भाड्याच्या घरात तिसरं.

नवीन प्रकल्पापासून सुरुवात करू. तुम्हाला बिल्डरच्या साइटवर नेणारा एजंट म्हणजे चॅनल पार्टनर, धंद्यातल्या भाषेत 'सीपी'. त्याची दलाली बिल्डर देतो. 'सर, तुम्हाला ब्रोकरेज शून्य' हे तो म्हणतो ते खरंच असतं, पण त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. समजा, 85 लाखांचे दोन फ्लॅट तुमच्या बजेटात बसतात. एका प्रकल्पावर बिल्डर अडीच टक्के देतोय, म्हणजे 2,12,500 रुपये. दुसरीकडे विक्री थंडावलीय, म्हणून तो चार टक्के देतोय, म्हणजे 3,40,000. तुमची गाडी आधी कुठे वळेल? शिवाय बुकिंगची संख्या वाढली की टक्का वाढतो, अशा पायऱ्या लावलेल्या असतात. महिनाअखेरीला 'आजच टोकन टाका, उद्या रेट वाढतोय' असा फोन आला, तर तो रेट तुमचा आहे की त्याच्या टक्क्याचा, हे विचारायला हरकत नाही.

यात एजंटचा अप्रामाणिकपणा आहे, असं मला म्हणायचं नाही. तो बिल्डरचा विक्रेता आहे आणि त्याचं काम करतो. चूक होते ती आपण त्याला आपला सल्लागार समजतो तेव्हा. सीपी निवडताना एवढंच बघा की तो किमान चार-पाच बिल्डरांचं काम करतो का, आणि एखाद्या प्रकल्पाबद्दल 'हा घेऊ नका' असं कारणासकट सांगतो का. सगळेच प्रकल्प 'एक नंबर' असतील तर माणूस बदला.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेकांना उशिरा कळते. जाहिरातीवर क्लिक करून तुम्ही नंबर दिलात की पहिला फोन करणारा एजंट तुमचं नाव बिल्डरच्या यंत्रणेत स्वतःच्या खाती नोंदवून टाकतो. याला टॅगिंग म्हणतात. मग महिना-दोन महिने तुम्ही थेट गेलात किंवा दुसऱ्या, जास्त समजदार एजंटबरोबर गेलात, तरी बिल्डरचा माणूस म्हणतो, 'तुम्ही ऑलरेडी अमुक पार्टनरकडून आलेले आहात.' म्हणून आधी एजंट ठरवा, मग नंबर द्या.

आता कायद्याचं. 2016 चा रेरा कायदा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या विक्रीवर नियमन ठेवणारा कायदा, नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची करतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्प नोंदवावा लागतो, आणि नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला एजंटला मनाई आहे. एजंटने नियम मोडले तर दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी पाच वर्षांची असते, त्यामुळे क्रमांक खरा असूनही मुदत संपलेली असू शकते. शिवाय महाराष्ट्रात 1 जानेवारी 2024 पासून एजंटला प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ते नसल्यामुळे हजारो एजंटांची नोंदणी स्थगित झाली.

तपासायचं कसं? त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्रमाणपत्राचा फोटो बाजूला ठेवा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः नाव टाकून बघा. नाव कुणाचं आहे, मुदत कधीपर्यंत आहे, पत्ता कुठला आहे, हे वाचा. नेहमी सापडणारी भानगड अशी की नोंदणी काकांच्या नावावर असते आणि व्यवहार पुतण्या करत असतो. मग वाद झाला की 'तो आमचा माणूसच नाही' हे उत्तर तयार. म्हणून दलालीचं बिल ज्या नावाने येणार, तेच नाव नोंदणीत आहे का, हे जुळवा. आणि बुकिंगच्या घाईत एक आकडा विसरू नका: नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आधी वीस टक्के भरा, ॲग्रीमेंट सावकाश करू' असं एजंट म्हणाला, तर त्याला कायदा माहीत नाही किंवा चांगलाच माहीत आहे.

पण रेरा इथे संपतो. उभ्या सोसायटीतल्या जुन्या फ्लॅटची विक्री आणि भाड्याचे व्यवहार या नोंदणीच्या कक्षेत मुळात येतच नाहीत. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा एजंटशी जिथे सर्वात जास्त संबंध येतो, तिथे कायद्याने चाळण लावलेली नाही. ती आपणच लावायची.

रीसेलमध्ये एजंट दोन्ही बाजूंनी दलाली घेतो. घेणाऱ्याकडून एक ते दोन टक्के, विकणाऱ्याकडून तेवढीच. एक कोटीऐवजी 97 लाखांत तुमचा सौदा बसवून दिला तर दोन्ही बाजू मिळून त्याचे सहा ते बारा हजार जातात, तेवढ्याने तो हलत नाही. सौदा तुटला तर मात्र सगळंच जातं. त्यामुळे त्याचा कल भाव चढवण्याकडे किंवा पाडण्याकडे नसतो, सौदा लवकर मिटवण्याकडे असतो. हे लक्षात आलं की त्याचं बरंचसं वागणं उलगडतं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, दाखवायला टाळाटाळ, 'सोसायटीचं मी बघतो' हे आश्वासन, कर्जाची चौकशी करण्याआधीच टोकनची घाई, सगळं त्यातूनच येतं.

मग पारख कशी करायची? एजंटला घर दाखवायला सांगण्याआधी कागद मागा. 'याच सोसायटीत गेल्या वर्षभरात झालेल्या दोन-तीन विक्रींचे इंडेक्स टू दाखवता का?' हा प्रश्न विचारा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ते कुणालाही मिळतात, त्यात गुपित काही नाही. ज्याचा त्या भागात खरा धंदा आहे, तो दहा मिनिटांत काढून देतो.

तो कागद कसा वाचायचा, तेही बघू. इंडेक्स टूवर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी दराने काढलेली. खाली क्षेत्रफळ असतं, बहुधा चौरस मीटरमध्ये. आता एजंट म्हणाला, 'हजार फुटांचा टू बीएचके, 90 लाख, रेट फक्त नऊ हजार.' इंडेक्स टूवर लिहिलंय 66.35 चौरस मीटर कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ. 10.764 ने गुणा: 714 चौरस फूट. हजार कुठून आले? 714 वर 40 टक्के लोडिंग, म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामायिक जागांचा वाटा, चढवलंय. म्हणजे खरा दर पडला 12,600 रुपये फूट. शेजारच्या सोसायटीत 750 फूट कार्पेटला 92 लाख मागत असतील, तर दर पडतो साधारण 12,270. वरवर महाग वाटलेलं घर स्वस्त निघालं. एक सांभाळा: जुन्या दस्तात क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप (भिंती धरून), हे शब्दांत लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय गुणाकार करू नका. 'कार्पेट किती?' या प्रश्नाला सरळ आकडा न देणारा एजंट माझ्या हिशेबी तिथेच बाद.

दुसरी परीक्षा पार्किंगची. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं की उघडं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग हे वेगळं विकायचं युनिट नव्हे. तरीही 'पार्किंगचे अडीच लाख वेगळे, रोखीत' ही मागणी रोज होते. सोसायटीत वाटप कमिटी करते, आणि विकणाऱ्याची जागा तुम्हाला आपोआप मिळेलच असं नाही. चांगला एजंट हे स्वतःहून सांगतो आणि कमिटीशी बोलून लेखी घेऊन देतो. ट्रान्सफर फीचंही तसंच. महापालिका हद्दीत गृहनिर्माण सोसायटीला जास्तीत जास्त 25,000 रुपये घेता येतात. 'इथे दोन लाख पडतात, रीतच आहे' असं एजंट सांगत असेल, तर तो कुणाचं काम करतोय ते तुम्हीच ठरवा.

तिसरी परीक्षा कराची. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या आयकरापोटीची रक्कम, कापून भरायचा असतो. विकणारा परदेशात राहणारा असेल, तर हा एक टक्का लागू नाही, कपात बरीच जास्त असते आणि चुकली तर भुर्दंड घेणाऱ्यावर येतो. पुण्यात अमेरिकेतल्या मालकांचे फ्लॅट काही कमी नाहीत. मालक कुठे राहतो, दस्तावर सही कोण करणार, मुखत्यारपत्र असेल तर ते नोंदलेलं आहे का, हे एजंटने पहिल्या भेटीत सांगायला हवं. साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या करारनाम्याच्या, आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

आता इसाराकडे वळू. व्यवहार बिघडतात ते बहुधा इथेच. विकणाऱ्याने 84 लाख सांगितलेत आणि एजंटने तुम्हाला 88 लाख, वरचे चार लाख स्वतःचे, असा प्रकार होतो. तो पकडायचा उपाय साधा आहे: इसार देण्याआधी विकणाऱ्याशी समोरासमोर बसा आणि किंमत त्याच्याच तोंडून ऐका. भेट टाळणारा एजंट इथेच उघडा पडतो. इसाराचा धनादेश विकणाऱ्याच्या नावे, एजंटच्या कधीच नाही. पावतीत तीन गोष्टी हव्यात: कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकीत दोष निघाल्यास रक्कम इतक्या दिवसांत परत, साठेखताची शेवटची तारीख, आणि घरावर बँकेचा बोजा असेल तर तो कोण, कधी फेडणार.

दलालीचाही कागद करा. फार काही लागत नाही, व्हॉट्सॲपवर पाठवून 'मान्य' असं उत्तर घेतलं तरी हाताशी काहीतरी राहतं. मजकूर साधारण असा: 'अमुक सोसायटीतील अमुक फ्लॅटच्या खरेदीसाठी दलाली दस्तातील किमतीच्या एक टक्का. अर्धी साठेखत नोंदल्यावर, अर्धी ताबा मिळाल्यावर. व्यवहार मालकामुळे मोडल्यास दलाली नाही. जीएसटी लागू असल्यास क्रमांक असलेल्या बिलावर.' शेवटची ओळ उगाच नाही. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसताना 18 टक्के वेगळे मागितले, तर ते सरकारकडे जात नाहीत. आणि घर बघायला गेल्यावर एजंट फॉर्मवर सही मागतो, तो नीट वाचा. काहींमध्ये 'पुढील सहा महिन्यांत हे घर कोणामार्फतही घेतल्यास दलाली देय' असं लिहिलेलं असतं. दाखवलेल्या घरापुरतं ते रास्त आहे, सगळ्या सोसायटीपुरतं नाही.

भाड्याच्या घराबद्दल थोडक्यात. रूढ दर 11 महिन्यांच्या कराराला एका महिन्याचं भाडं. नूतनीकरणाला पुन्हा अर्धं मागितलं जातं, ते सुरुवातीलाच नाही म्हणून ठरवून घ्या. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदलेलाच लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. तो नोंदला नाही तर वादात भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात, म्हणजे हा कागद मालकाच्याही फायद्याचा आहे. 'नोटरी केली की झालं' म्हणणाऱ्या एजंटला मालकानेच दारात थांबवावं. मालक समजून चावी देणाऱ्याच्या खात्यात अनामत भरणारे दर वर्षी फसतात, तेव्हा वीजबिलावरचं आणि इंडेक्स टूवरचं नाव जुळल्याशिवाय पैसे पाठवू नका.

दोन-तीन एजंट एकाच वेळी धरावेत का, असा प्रश्न नेहमी येतो. भाड्याला धरा. खरेदीला एका भागासाठी एकच बरा, कारण चार जणांना सांगितलं की तेच घर चार भावांनी फिरून येतं, आणि मालकाला वाटतं गिऱ्हाईक फार, मग तो भाव धरून बसतो. पण एकाला धरायचं तर मुदत घाला, 45 दिवस पुरेत. तेवढ्यात त्याने तुमच्या गरजेची पाच-सहा घरं कागदांसकट दाखवली नाहीत, तर त्याच्याकडे त्या भागातला माल नाही. मग दुसऱ्याकडे जा, आणि जाण्यापूर्वी पहिल्याने दाखवलेल्या घरांची यादी त्यालाच लेखी पाठवा, म्हणजे पुढे दोघांची दलाली अंगावर येणार नाही.