दुरून जाणारं जहाज ओळखताना

मंडळी, गोदाकाठच्या माणसांनी जहाजांवरचं व्याख्यान ऐकायला यावं याचं मला कौतुक वाटतं. तसं निफाड-दिंडोरीची द्राक्षं न्हावा-शेव्याहून युरोपला जातात ती जहाजानंच, तेव्हा नातं अगदीच लांबचं नाही.

गुहागरजवळ अंजनवेलला टाळकेश्वरचं दीपगृह आहे. तिथल्या कड्यासारखी उंच जागा धरा. वाळूत उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर संपतं. १०० मीटर उंचीवरून ते ३६ किलोमीटरवर जातं. खालून नुसतं धुराडं दिसतं, तेव्हा वरून अख्खं जहाज दिसत असतं.

नाव वाचायची घाई करू नका. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ४०० मीटरचं जहाज आडवं अडकलं आणि बऱ्याच लोकांनी त्याला 'एव्हरग्रीन' म्हटलं, कारण कुशीवर तीच भली मोठी अक्षरं होती. ते कंपनीचं नाव! जहाज 'एव्हर गिव्हन'. ते नाव नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, आणि पाठीमागे, लहान अक्षरांत.

म्हणून आधी आकार. सपाट डेकवर पाइपांचं जाळं आणि मधोमध छोटी क्रेन असली तर तेलाचा टँकर. ओळीनं मोठी झाकणं असली तर कोळसा किंवा खनिज. खिडक्या नसलेली उंच पेटी तरंगताना दिसली तर आत मोटारी. अंजनवेललाच एलएनजीचं टर्मिनल आहे. उणे १६२ अंशांवर द्रव केलेला वायू आणणाऱ्या काही जहाजांवर गोल घुमट असतात, काहींवर नसतातच. त्यामुळे घुमट नाही म्हणून लगेच नाही म्हणू नका. मग बघा, जहाज पाण्यात किती बसलंय. रिकामं असेल तर बहुधा तांबडं पोट उघडं पडतं, आणि नाळेखालचा फुगाही पाण्याबाहेर येतो.

जहाजं दाखवणाऱ्या मोबाइल ॲपवर नाव कळतं, मान्य. पण 'कुठे निघालं' ही माहिती जहाजावरचा माणूस हातानं भरतो. कधी मागचंच बंदर तसंच राहून जातं. जहाज विकलं की नाव बदलतं, झेंडा बदलतो. आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, क्रमांक मात्र जन्मभर तोच. सात आकडी. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा तोच सातवा. ९०७४७२९ घ्या, बेरीज १३९. नऊ जुळला. मला या हिशेबाची फार गंमत वाटते.

रात्री दोनच दिवे लक्षात ठेवा. जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा तांबडा दिसला तर स्वारी गोव्याकडे, हिरवा दिसला तर मुंबईकडे.

आणि जायचं तर दिवाळीनंतर, सकाळी जा. ऊन आपल्या पाठीवर आणि जहाजाच्या अंगावर पडतं, रंग नीट कळतात. संध्याकाळी सूर्य डोळ्यांत. सगळी जहाजं काळीच दिसतात.