दुनळीचं काडतूस

सुरुवातीला एक कोडं घालतो. इंग्लंडमधल्या बंदूककारांच्या जुन्या याद्या चाळल्या, तर १९०७ च्या आसपास मोठ्या रायफलींच्या मापांची एकदम जत्रा भरलेली दिसते. ४६५, ४७०, ४७५, ४७६, म्हणजे साधारण इंचाच्या हजाराव्या भागांत नळीचा व्यास. वास्तविक रिग्बी कंपनीनं १८९८ मध्ये काढलेलं ४५० मापाचं नायट्रो एक्सप्रेस काडतूस झकास चाललं होतं. मग एवढी नवी मापं कशाला?

उत्तर आपल्या हिंदुस्थानात आहे. ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल, तिचंही माप ४५० चं आणि गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम. रिग्बीच्या काडतुसातली गोळीही ४८० ग्रेनचीच! सरहद्दीवर आणि सुदानात या मार्टिनी रायफली नको त्या हातांत पोचल्या होत्या. शिकारीच्या नावाखाली काडतुसं आणायची, त्यातल्या गोळ्या उपसायच्या आणि मार्टिनीच्या पुंगळ्यांत, म्हणजे काडतुसांच्या पितळी नळकांड्यांत, भरायच्या, अशी सरकारला धास्ती वाटली. म्हणून ४५० मापाला भारतात आणि सुदानात बंदी झाली. हिंदुस्थान म्हणजे केवढं गिऱ्हाईक! ते सुटू नये म्हणून जो तो आपलं वेगळं माप घेऊन आला. त्यातलं जोसेफ लँगचं ४७० सगळ्यात जास्त टिकलं. आजचा आपला विषय, म्हणजे हातानं काडतूस भरणं, त्याच्याच भीतीतून हे माप जन्माला आलं. (नावावर मात्र जाऊ नका. ४७० च्या गोळीचा खरा व्यास ०.४७५ इंचाच्या आगेमागे असतो.)

आता दुनळीकडे, म्हणजे दोन नळ्यांच्या रायफलीकडे, येऊ. बहुतेकांना वाटतं की दोन्ही नळ्या समांतर असतात. तशा नसतात, पुढच्या तोंडाकडे त्या किंचित जवळ आलेल्या असतात. उजवी नळी उडाली की रायफल वर आणि उजवीकडे झोकांडी खाते, डावी उडाली की वर आणि डावीकडे. गोळी अजून नळीत असतानाच ही हालचाल सुरू होते. कारागीर ती हिशेबात धरूनच नळ्या जुळवतो. कथलाच्या डागानं जोडायच्या, मधे पाचर ठेवायची, मैदानात जाऊन झाडायची, निशाण बघायचं, डाग वितळवून पाचर केसभर सरकवायची आणि पुन्हा झाडायची. दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर शेजारी लागेपर्यंत हाच उद्योग. दुनळी महाग का, तर यासाठी. नक्षीकाम डोळ्यांत भरतं, पण खरा पैसा या पाचरीत मुरलेला असतो.

आणि हे सगळं एकाच काडतुसासाठी. ४७० ची गोळी ५०० ग्रेनची, वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. तुमचं काडतूस यापेक्षा मंद निघालं तर गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर नळी जास्त फिरते. उजवीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे, दोन्ही फाकतात. वेग जास्त झाला तर उलट, गोळ्या एकमेकींना ओलांडून जातात. म्हणून दुनळीसाठी काडतूस भरणारा माणूस जोर वाढवायच्या मागे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हरवलेला वेग तो शोधत असतो.

हरवला कसा? तेव्हाची बंदुकीची दारू म्हणजे कॉर्डाइट. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर यांनी काढलेली. ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के चक्क व्हॅसलीन. दिसायला शेवयांची जुडी. आपल्या निलगिरीत अरुवनकाडूला तिचाच कारखाना उभा राहिला. तिला ऊन सोसत नसे. काडतुसं तापली की दाब चढे, पुंगळी नळीत अडके. समोर जखमी गवा असताना हे परवडणारं नव्हतं. म्हणून उष्ण देशांसाठी वेगळी, हलकी भरणी निघाली. पुढे बर्मिंगहॅमच्या कायनॉक या काडतूस कंपनीनं १९७० च्या आसपास या मोठ्या काडतुसांचा नाद सोडला, आणि रायफली होत्या त्या उपाशी राहिल्या. मालकांना भरण्याचं काम स्वतःच शिकावं लागलं.

त्या कामाची एक गंमत. जुन्या कायनॉक पुंगळीत बर्डन पद्धतीचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टिकली, असतो. प्रायमरच्या दोन पद्धती, बर्डनची आणि बॉक्सरची. बर्डन अमेरिकन, बॉक्सर इंग्रज. पण अमेरिकेनं बॉक्सरची पद्धत उचलली आणि इंग्रजांनी बर्डनची! बर्डन पुंगळीत मधोमध भोक नसल्यामुळे वापरलेला प्रायमर सरळ काडीनं ढकलून निघत नाही, आकड्यानं उपसावा लागतो किंवा पुंगळीत पाणी भरून दाबानं उडवावा लागतो.

दुसरी अडचण पोकळीची. पुंगळी सव्वातीन इंच लांब, कॉर्डाइटच्या जुडीसाठी बेतलेली. आजची दाणेदार दारू काही वेळा तळाशीच लोळते आणि दर खेपेला वेगळी पेटते. मग वर फोमची चकती किंवा कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, ठेवून तिला जागेवर धरतात. दारू किती ग्रेन, ते मी सांगणार नाही. एका रायफलीचा आकडा दुसरीला लागू पडत नाही, आणि ऐकीव आकड्यावर बोटं गमावू नयेत.

गोळी बसवल्यावर पुंगळीच्या तोंडाला करंजीसारखी मुरड घालावीच लागते. एक नळी उडते तेव्हा दुसरीतलं काडतूस तोच हिसका खातं आणि त्यातली गोळी जागची हलू शकते. पुंगळी पुन्हा वापरण्याआधी टोक वाकवलेली बारीक तार आत फिरवून बघतात. बुडाजवळ तार खाचेत अडकली की ती पुंगळी बाद. तिथूनच ती पुढच्या खेपेला दुभंगते.

तपासताना रायफल वाळूच्या पोत्यांवर जखडून ठेवायची नाही. तिची झोकांडीच अडवली तर निशाण खोटं बोलतं. हात टेकवून, पण रायफल हातातच धरून, आधी उजवी मग डावी झाडायची. वेग मोजायला क्रोनोग्राफ असतो. तरी शेवटचा शब्द कागदावरच्या भोकांचा.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा यातलं घरी काही करून बघायचं नाही. पण एखाद्या संस्थानी घराच्या कपाटात किंवा संग्रहालयात दुनळी बघायचा योग आलाच, तर नक्षीवर फार वेळ घालवू नका. नळ्या उतरवून त्यांच्या बुडाची सपाट बाजू दाखवा म्हणावं. ४७० असेल तर तिथे बहुधा कॉर्डाइट, ७५ आणि ५०० असा ठसा सापडेल. ७५ ग्रेन दारू, ५०० ग्रेनची गोळी.