तुळशीच्या कुंडीतला तपकिरी खडक

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा धातू. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरीत जे जबर चुंबक असतं ते निओडिमियमचं. क्षेपणास्त्रात, जिथे उष्णता फार, तिथे समेरियम-कोबाल्टचं. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने अशा सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आणि काही महिन्यांतच आपल्याकडच्या इलेक्ट्रिक दुचाकींच्या कारखान्यांना उत्पादन कमी करावं लागलं.

पण मला सांगायचंय ते आमच्या आतोबांबद्दल. आतोबा कडीपाणीला फ्लोरस्पार या खनिजाच्या प्रकल्पात नोकरीला होते. कडीपाणी म्हणजे छोटाउदेपूरच्या पलीकडे, कवांट तालुक्यात. 2013 पर्यंत तो सगळा भाग आपल्या बडोदा जिल्ह्यातच होता. शनिवारी रात्री दांडिया बाजारातल्या घरी आले की त्यांच्या पिशवीत धुतलेल्या कपड्यांखाली दगड असायचे. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून ते हातोडी घेऊन बसत. जांभळा फ्लोरस्पार! घाव नीट बसला की आरशासारख्या सरळ पातळीत फुटायचा. आम्ही पोरं भोवती उकिडवी. जांभळ्याला चिकटलेला तपकिरी, गंजल्यासारखा खडक ते टिचून टिचून काढत आणि म्हणत, "घाण आहे ती, गोळा करा रे." जांभळे दगड गौरी-गणपतीच्या मखरात जायचे. तपकिरी तुकडे आत्या कुंड्यांच्या बुडाला घालायची, पाणी निचरायला.

पुढे माझा पुतण्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भूशास्त्र शिकायला लागला. एका रविवारी आत्या तुळशीची कुंडी बदलत होती. त्याने बुडातला एक तुकडा उचलला, नळाखाली धुतला, खिशातल्या भिंगाने बघितला आणि कितीतरी वेळ बोलेचना. मग म्हणाला, "आजी, हा कडीपाणीजवळच्या अंबाडुंगरचा खडक आहे, कार्बोनेटाइट म्हणतात त्याला. तिथले रेअर अर्थ अशाच तपकिरी खडकात असतात." आत्या मातीचे हात तसेच धरून उभी. "म्हणजे इतकी वर्षं घाण म्हणून टाकलं ते...?" आतोबा असते तर त्यांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा हातात फिरवून बघितला असता. फार जिज्ञासू माणूस. (मला तर वाटतं, शाळेत प्रत्येक मुलाच्या हातात एकदा तरी आपल्या जिल्ह्यातला दगड द्यावा. पुस्तकातल्या चित्राला वजन नसतं.)

आता मुद्दा. खडक असणं म्हणजे धातू असणं नव्हे. समजा, घरात आंबेमोहोर आणि जिरासार हे दोन तांदूळ एका डब्यात मिसळले. निवडता येतील? रेअर अर्थचं तसंच आहे. निओडिमियम आणि त्याच्या शेजारचा प्रेझिओडिमियम रासायनिकदृष्ट्या इतके सारखे, की खडक आम्लात विरघळवून ते द्रावण एकामागून एक शेकडो टप्प्यांतून न्यावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर फरक पडतो तो कणभर. हे शुद्धीकरण जगात सुमारे 90 टक्के चीनमध्ये होतं. आपल्याला ही विद्या नवी नाही. केरळात अलुवाला 1952 पासून समुद्रकाठच्या वाळूतल्या मोनाझाइटवर, म्हणजे रेअर अर्थ असलेल्या खनिजावर, काम झालेलं आहे. पसारा मात्र अपुरा. म्हणून पुन्हा सांगते, खडक असणं म्हणजे धातू असणं नव्हे. जम्मूत रियासीला 2023 मध्ये लिथियम, म्हणजे बॅटरीत लागणारा धातू, सापडलं तेव्हा पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या; तो साठा प्राथमिक अंदाजातला होता, हे फार थोड्यांनी सांगितलं.

सरकारने जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला, म्हणजे अशा अत्यावश्यक खनिजांसाठीच्या मोहिमेला, 16,300 कोटींची मंजुरी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चुंबकांसाठी 7,280 कोटींची वेगळी योजना आली, वर्षाला 6,000 टन क्षमतेची. मला ही दुसरी योजना जास्त मोलाची वाटते, कारण तिथे धातूपासून तयार चुंबकापर्यंतचा सगळा रस्ता धरला आहे. आणि तुमच्या कपाटात पडलेला जुना फोन, बिघडलेली हार्ड डिस्क? त्यातही हेच चुंबक आहे. भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या.

आत्याने तुळस नव्या कुंडीत लावली, निचऱ्याला विटांचे तुकडे घातले. तपकिरी खडक धुऊन, पुसून, मखरातल्या जांभळ्या दगडांशेजारी ठेवला आहे.

नमस्कार.