कावया उडी गया

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात, लहान मुलांसोबत काम करणाऱ्या आमच्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ सदस्येने केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

सकाळी इथे बाळांचं बोरन्हाण झालं. बोरं मिळाली नाहीत म्हणून ब्लूबेरी ओतल्या, आणि पोरांनी त्या थेट तोंडात घातल्या. सगळे फोटो काढत होते, मी बाळांची बोटं बघत होते. धंद्याची खोड, दुसरं काय! माझ्याकडे येणारे आईबाप बसायच्या आधीच सांगतात, "अजून एक शब्द बोलत नाही." मी विचारते, "बोट दाखवतो का?" मग दोघं एकमेकांकडे बघतात. शब्दांची वाट सगळे बघतात, बोटाकडे कुणाचं लक्षच नसतं.

मी मूळची अमळनेरजवळची. मागच्या वर्षी महिनाभर माहेरी होते. धाकटी बहीणही पुण्याहून आली होती, तिचा मुलगा तेव्हा 11 महिन्यांचा. संध्याकाळी माय त्याला कडेवर घेऊन ओट्यावर उभी राहायची. समोरच्या कडुनिंबावर कावळा. आधी पोरगं अख्खा पंजा उघडून "अं, अं" करायचं. आठवडाभरात त्या पंज्याचं एक बोट झालं. बोट वर गेलं की मायचं अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, सुरू, "कावया शे तो. दख, दख... उडी गया!" आणि दोन्ही रिकामे तळहात वर. भाचा फांदीकडे बघायचा, मग मायच्या तोंडाकडे, परत फांदीकडे.

त्याला कावळा हवा होता असं नाही. 'तुलाही दिसला ना?' एवढंच तो विचारत होता. मागण्यासाठी दाखवलेलं बोट वेगळं आणि दाखवण्यासाठी दाखवलेलं वेगळं. दुसऱ्या बोटाची मी जास्त वाट बघते, कारण बोलणं म्हणजे तरी काय, आपल्याला दिसलं ते दुसऱ्याला दाखवणंच. अमेरिकेत जाना आयव्हरसन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी 10 मुलांचं बोलणं नि हातवारे महिनोन्महिने टिपले. 2005 साली त्यांनी मांडलं की मुलांचे बरेचसे शब्द आधी हातात येतात, मग तोंडात. मूल चपलेकडे बोट करून "बाबा" म्हणतं, तेव्हा ते 'बाबाची चप्पल' हे दोन शब्दांचं वाक्य बोलून मोकळं झालेलं असतं, फक्त त्यातला एक शब्द बोटाचा असतो. दोन्ही शब्द तोंडाने यायला त्यानंतर थोडे महिने लागतात. आणि ज्या घरात बोटाला लगेच नाव मिळतं, तिथे काम सोपं होतं. मूल त्याच वस्तूकडे बघत असताना त्याच वस्तूचं नाव कानावर पडलं, की त्याला वेगळं शोधावं लागत नाही.

आता घरातलं भांडण सांगते. बहिणीने मायला बजावलं होतं, "बाळाशी शुद्ध मराठीत बोल, अहिराणी नको." मायने दोन दिवस प्रयत्न केला. "तो बघ... कावळा... आहे," असं अडखळत बोलायची, जसं तहसील कचेरीत साहेबासमोर बोलतात तसं. ती लय गेली, "उडी गया"चा तो लांबवलेला सूर गेला, आणि पोरगंही दुसरीकडे बघायला लागलं. तिसऱ्या दिवशी बहिणीनेच माघार घेतली. इथल्या एका बालवाडीतल्या बाईंनी माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाला अगदी हाच सल्ला दिला होता, 'घरी इंग्रजीच बोला.' बाळाशी बोलताना तुमचीच जीभ अडखळत असेल, तर त्याला मिळणार काय? दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

कान मात्र लवकर ठरतात. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली दाखवलं की इंग्रजी घरातल्या 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ऐकू येतो. 10 ते 12 महिन्यांच्या बहुतेकांना येत नाही. म्हणजे 'ताट' आणि 'टाट' यातला फरक इथल्या शेजाऱ्याच्या बाळालाही एकदा कळत होता! पुढे शिकता येतं, पण कष्टाने.

मूल 'ळ' म्हणत नाही, ही तक्रार मात्र माझ्याकडे आणू नका. आमच्याकडे डोळ्याला डोया आणि जळगावला जयगाव म्हणतात, आणि त्याच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

टीव्हीवरची मराठी गाणी लावून काम भागेल का, असं मला दर मेळाव्यात विचारतात. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 साली 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना 12 बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत बोललं त्या बाळांनी चिनी आवाज ओळखले. तेच बोलणं पडद्यावर बघणाऱ्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. पण आजीचा व्हिडिओ कॉल त्यात धरू नका. दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, रेकॉर्ड केलेल्या चित्रफितीवरून शिकली नाहीत, असं 2014 मधल्या एका अभ्यासात दिसलं. पडद्यातली आजी बोटाला उत्तर देते, गाणं देत नाही. तिकडे रात्र असली तरी आजीला उठवा. तिला चालतं, मी विचारलंय.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. वर्षाचं होऊनही मूल बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, बडबड करत नाही, सव्वा वर्ष उलटून गेलं तरी एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, तर आधी कान तपासून घ्या. "याचा बापही उशिरा बोलला होता" हे वाक्य मी खान्देशातही ऐकलंय आणि इथेही, आणि त्याच्यापायी महिने वाया गेलेले पाहिलेत.

परवा बहिणीने फोनवर सांगितलं. भाचा आता सव्वा वर्षाचा आहे. "माय" म्हणतो, "भूभू" म्हणतो, "मावशी" काही म्हणत नाही. पण आमचा व्हिडिओ कॉल संपला आणि पडदा काळा झाला की तो एकदा फोनकडे बघतो, एकदा आईकडे, आणि दोन्ही रिकामे तळहात वर करून दाखवतो.