स्लॅबखालची रात्र

[नागपूर, मे. गच्ची, दिवेलागण]

ऊन कधीच उतरलंय, पण गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. दिवसभर स्लॅबमध्ये मुरलेली उष्णता आता खालच्या खोलीत उतरतेय, नेमकी अंथरुणं पडायच्या वेळेला.

[झोपलेल्या बाळाचे तळपाय, जवळून]

झोप लागायची तर शरीर आतून निवावं लागतं. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आतलं तापमान साधारण एका अंशाने उतरतं. ही उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः तळहात-तळपायांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पेंगुळलेल्या बाळाचे पाय गरम लागतात ते यामुळेच. हातपाय असे गरम झाले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं.

पण खोलीच पस्तीस अंशांवर असेल, तर उष्णता जाणार कुठे? उरतो घाम. आणि स्वप्नांच्या झोपेत शरीराचा तापमानावरचा ताबाच सैल पडतो. मग माणूस जागा होतो, पुन्हा पुन्हा.

[कूलर, समोरची बंद खिडकी]

कूलर आहे, पण समोरची खिडकी बंद. ओल खोलीतच कोंडते, घाम सुकत नाही. ती खिडकी वीतभर तरी उघडी हवी.

[चुनकळी, ड्रम, उसळणारी वाफ]

खरा इलाज मात्र वर आहे, आणि तो स्वस्त आहे: गच्चीला चुन्याचा पांढरा हात. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग थोडी थोडी चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे. उलटं केलं तर चुना उसळून डोळ्यांत जातो; चष्मा, हातमोजे हवेतच. रात्रभर मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी घालून दुधाइतका पातळ करायचा. गच्ची खराट्याने झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन घ्यायची. धुळीवर चुना धरत नाही.

[कुंचा, पांढरा होत जाणारा स्लॅब]

पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा. दोन्ही वेळा आधी पृष्ठभाग पाण्याने ओलसर करून, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. भर उन्हात दिलेला चुना झटकन सुकतो आणि भुकटी होऊन निघतो. जाड थर दिला तर पोपडे येतात.

पांढरी गच्ची बरंचसं ऊन परतवते, स्लॅब कमी तापतो. उलट, उकाड्याच्या, झोपमोडीच्या रात्री सलग गेल्या की हृदयावर ताण येतो, म्हाताऱ्यांना सर्वात जास्त.

पावसात चुना धुपतो. दरवर्षी मार्चमध्ये हात फिरवायलाच हवा.